कबंधाचे वाचन

रामायणाच्या अरण्यकांडात कबंध नावाचा राक्षस भेटतो. त्याला मस्तक नाही. तोंड पोटात, आणि पाहायला एकच डोळा, तोही धडावर. हाताला लागेल ते ओढून घेणे एवढेच त्याचे जगणे. राम-लक्ष्मण त्याचे बाहू तोडतात, देहाला अग्नी देतात, आणि शापातून सुटल्यावर हाच कबंध रामाला सुग्रीवाकडे जाण्याची वाट सांगतो. सीताशोधाच्या कथेत ज्याला धड डोके नाही त्याच्याकडून नेमकी माहिती मिळावी, ही गोष्ट आम्हांला नेहमीच मौजेची वाटत आली आहे.

संगणकाच्या व्यवहारात ‘हेडलेस ब्राउझर’ नावाचा एक प्रकार आहे. त्याचे मराठीकरण करू गेल्यास ‘मस्तकहीन’ फार संस्कृत होते, ‘बिनडोक’ म्हणावे तर अपमान होतो. आमच्यापैकी एकाने कबंध सुचवला आणि तोच राहिला. हा ब्राउझर आपल्या रोजच्या ब्राउझरसारखाच असतो: पत्ता दिला की पान मागवतो, त्यातली जावास्क्रिप्ट चालवतो, अक्षरे, चित्रे, रंग सारे जुळवतो, फक्त त्याला खिडकी नसते. पडद्यावर काही उमटत नाही. आपण लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणे तो पान उघडतो, पाहतो आणि पाहिलेले सांगतो. २०११च्या सुमारास फँटमजेएस नावाचे असे एक साधन आले, २०१७ साली क्रोमनेच बिनखिडकीचे चालणे शिकून घेतले आणि त्याला हाकणारे पपेटियर त्याच वर्षी आले, २०२०मध्ये प्लेराइट. फँटम म्हणजे भूत, पपेटियर म्हणजे कळसूत्री बाहुल्या नाचवणारा. नावे ठेवणाऱ्यांना या वस्तूतले नाट्य बरोबर कळले होते, असे म्हणावे लागते.

साहित्याच्या अध्यापकांना याच्याशी काय कर्तव्य, हे सांगायला हवे. अमरावती आणि अकोला या दोन शहरांत विखुरलेले आम्ही पाच जण काही वर्षांपासून वऱ्हाडी शब्द, म्हणी आणि जात्यावरच्या ओव्या यांचा एक संग्रह जालावर मांडत आहोत. अनुदान नाही, संस्था नाही. भाड्याचा एक सर्व्हर आहे आणि बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू अशी स्थानके मोजत केलेले प्रवास आहेत. (याच दोन शहरांमधल्या महामार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीजच्या नोंदीत गेला. आमच्या संग्रहाची गती कुणी नोंदवू नये.) संग्रहातला निम्म्याहून अधिक ऐवज अकोल्याच्या एका निवृत्त मराठी शिक्षकांचा आहे. त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. तीस वर्षे त्यांनी बाजारात, शेतात, लग्नमांडवात ऐकलेले शब्द वह्यांत उतरवले, आणि निवृत्तीनंतर नातवाच्या संगणकावर स्वतः टंकून काढले. युनिकोड घराघरांत पोचण्यापूर्वीच्या त्या काळातल्या एका फाँटमध्ये. त्या फायली आज उघडल्या तर मराठीचे एक अक्षर दिसत नाही. रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे आणि कंस यांचा चिवडा दिसतो. ज्या फाँटमध्ये टंकले तो सोबत असेल तरच त्या चिवड्याला देवनागरीचा चेहरा मिळतो. आमच्या पानांत एक छोटी जावास्क्रिप्ट आहे. ती हा चिवडा वाचून त्याचे युनिकोड मराठी करते. मूळ फायलींना हात लावायचा नाही हे आम्ही प्रथमपासून ठरवले होते, म्हणून रूपांतर दर वेळी पान उघडताना व्हायचे.

गुरुजींशी आमचा एक वाद होता. त्यांच्या संग्रहात काही म्हणी अशा आहेत की वर्गात मोठ्याने वाचवत नाहीत. आमच्यातल्या दोघांचे मत त्या वेगळ्या विभागात ठेवाव्यात असे होते. गुरुजींचे मत, लोक जसे बोलले तसे ठेवायचे, नाहीतर ठेवायचेच नाही. वाद मिटला नव्हता, नुसता थांबला होता. अशा स्थितीत एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“पान तं येऊन राह्यलं जी, पन त्यात माहं काईच नाई. काढून टाकलं काय?”

त्यांच्या नातीने मोबाइलवर पान उघडून दाखवले होते. वर संग्रहाचे नाव होते, कडेला वर्णक्रम होता, खाली आमची नावे होती. मधली जागा पांढरी. आम्ही आमच्या तपासणीची नोंदवही पाहिली. कबंध रोज रात्री दोन वाजता अकराशेच्या वर पाने उघडून पाहत असे. मागच्या अकरा रात्रींच्या नोंदी आमच्यासमोर होत्या: सर्व पाने ठीक. म्हणजे अकरा दिवस गुरुजींना रिकामे पान दिसत होते आणि आमचा साक्षीदार शपथेवर सांगत होता की सारे जागच्या जागी आहे. आम्ही म्हणी गाळण्यासाठी त्यांचे सगळेच गाळले, अशी त्यांची समजूत झाली होती. ‘तांत्रिक अडचण आहे’ हे वाक्य फोनवर म्हणताना ते किती खोटे वाटते, हे ज्याने असे वाक्य म्हटले असेल त्यालाच कळेल.

पान रिकामे का झाले याचे उत्तर तासाभरात मिळाले. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी यंत्र बदलताना मजकुराच्या फायलींचा कप्पा दुसऱ्याच पत्त्यावर ठेवला होता. कप्पा जागेवर आणला, पाने भरली. खरा प्रश्न दुसरा होता, आणि त्याने पुढचे दोन महिने घेतले: कबंधाला हे दिसले का नाही?

येथे ‘पान लोड झाले’ या तीन शब्दांपाशी थांबावे लागते. छापील पुस्तकाचे पान उघडले की उघडले. जालावरचे पान बहुधा असे एकदम येत नाही. आधी सांगाडा येतो. तो वाचून झाला की ब्राउझर एक खूण देतो, तिचे नाव डीओएम-कंटेंट-लोडेड. मग सांगाड्यात उल्लेखलेली चित्रे, शैलीच्या फायली, स्क्रिप्टा येतात, आणि दुसरी खूण मिळते, ‘लोड’. पण त्यानंतर स्क्रिप्टने स्वतः उठून सर्व्हरकडून काही मागवले, तर त्याचा या दोन्ही खुणांशी काही संबंध उरत नाही. आमचे पान असेच होते. सांगाडा रिकामा, मजकूर मागाहून. पाने बांधून देणाऱ्यांनी तपासणीही बांधून दिली होती आणि ती ‘लोड’ची खूण मिळाली, सर्व्हरने २०० हा ‘ठीक’चा आकडा दिला, पानाला शीर्षक आहे, एवढे पाहून समाधानाने परतत होती. मांडव पडला, पाट मांडले, उदबत्ती लागली. जेवण आले की नाही हे पाहणे तिच्या कामात नव्हते.

आमच्या भाषेत यासाठी किती नेमकी क्रियारूपे आहेत, हे त्या दिवसांत प्रथमच नीट लक्षात आले. प्रमाण मराठीत ‘होत आहे’ आणि ‘झाले’ असे दोन टप्पे. वऱ्हाडी माणूस म्हणतो, ‘होऊन राह्यलं’. हे हिंदीच्या संगतीने आले असे व्याकरणकार सांगतात, आणि ते खरे असेलही. पण त्या ‘राह्यलं’मध्ये रेंगाळण्याची, अजून पुरे न झाल्याची जी छटा आहे ती ‘होत आहे’मध्ये नाही. आणि तिसरे रूप, अदमासाचे: ‘झालं असंन’. गुरुजींनी फोनवर ‘पान येऊन राह्यलं’ म्हटले होते. ते नोंदवहीतल्या ‘ठीक’पेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होते.

पहिला उपाय ‘झालं असंन’ जातीचा होता. पान उघडल्यावर पाच सेकंद थांबायचे, मग पाहायचे. तपासण्या लिहिणारे सर्वत्र हा उपाय करतात आणि सर्वत्र पस्तावतात. कारण पाच सेकंद ही मुदत पानाशी नव्हे, आपल्या धीराशी जुळवलेली असते. मजकूर अर्ध्या सेकंदात आला तर साडेचार सेकंद वाया. अकराशे पानांना हे दीड तासाचे थांबणे झाले. आणि सर्व्हरवर ओझे असेल त्या रात्री मजकूर सहाव्या सेकंदाला येतो, पान निर्दोष असून नापास होते. एका रात्री बारा पाने नापास, दुसऱ्या रात्री त्यांतली बाराही पास आणि निराळी सात नापास. असा साक्षीदार खोटे बोलणाऱ्यापेक्षा वाईट. त्याच्या खऱ्या बोलण्याकडेही लक्ष जाईनासे होते.

मग आम्ही जाळे शांत होण्याची वाट पाहिली. पपेटियरमध्ये नेटवर्क-आयडल-शून्य अशी एक अट घालता येते: अर्धा सेकंदभर एकही विनंती चालू नसेल तर पान स्थिरावले असे समजावे. ऐकायला ही अट समंजस वाटते. पण आमच्या पानावर भेटींची संख्या मोजणारा एक गणक होता आणि तो सर्व्हरशी आपली एक विनंती सतत उघडी ठेवी. शांतता कधीच होईना. तीस सेकंदांची ठरलेली मुदत संपे आणि प्रत्येक पान नापास ठरे. याच अटीचा एक सैल प्रकार आहे, तो दोन विनंत्यांपर्यंतची कुजबुज चालवून घेतो. तो लावला तर उलटे झाले. गणकाची एक आणि आमच्या मजकुराची एक, अशा दोनच विनंत्या चालू असताना कबंध म्हणे, शांत आहे. म्हणजे ज्याची वाट पाहायची तेच त्याने कुजबुजीत जमा केले. प्लेराइटच्या मार्गदर्शिकेत तपासणीसाठी ही अट वापरू नका असे सरळ लिहिले आहे. का, ते आम्हांला अनुभवाने कळले.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५पासून ‘प्रॉमिस’ नावाची वस्तू भाषेचा भाग आहे. मागाहून मिळणाऱ्या गोष्टीबद्दल आता दिलेला शब्द. ती तीन अवस्थांत असते: प्रलंबित, पाळलेली, मोडलेली. आम्ही तिला ‘वचन’ म्हणू लागलो, आणि एकवचन-अनेकवचनापासून महानुभावांच्या वचनांपर्यंत या शब्दाचे सगळे नातेवाईक चहाच्या टेबलावर येऊन गेले. पण विनोद बाजूला ठेवला तर याच वचनाच्या एका कलमात अकरा दिवसांचे गूढ दडले होते. स्क्रिप्टने फाइल मागितली आणि सर्व्हरने ४०४, म्हणजे ‘असे काही येथे नाही’, असे उत्तर दिले, तरी ते वचन मोडले असे धरले जात नाही. उत्तर आले ना? मग वचन पाळले गेले. जोडणीच तुटली, सर्व्हरच सापडला नाही, तरच ते मोडते. कबंधाला ‘विनंती फसली तर सांग’ असे बजावून ठेवले तरी तो ४०४बद्दल चकार शब्द काढत नाही, कारण जाळ्याच्या दृष्टीने ती विनंती यशस्वी असते. प्रत्येक उत्तर उघडून त्याचा आकडा पाहावा लागतो. आमच्या पानातली स्क्रिप्ट तर आणखी सभ्य होती: उत्तर बरे असेल तर मजकूर मांडावा, नसेल तर गप्प राहावे. चूक नाही, तक्रार नाही, पांढरे पान. आम्ही तिला आता बोलायला लावले आहे. मजकूर मिळाला नाही तर तसे मराठीत लिहून येते.

एवढ्यानंतर एक गोष्ट उघड झाली होती. पान आले का, जाळे शांत आहे का, हे सारे प्रश्न बाजूचे. वाट पाहायची ती त्या पानावरच्या शब्दाची. ‘मजकुराच्या चौकटीत काहीतरी आले का’ असे विचारून भागत नाही, कारण जुन्या फाँटमधला चिवडा हेही ‘काहीतरी’च असते आणि रूपांतरापूर्वीच्या क्षणी कबंध ते पाहून संतुष्ट होई. तेव्हा प्रत्येक पानासाठी एक शब्द निवडून तो देवनागरीत दिसेपर्यंत थांबायचे असे ठरले. हे काम प्रोग्रामरचे नव्हे, मजकूर ठाऊक असणाऱ्याचे आहे, आणि तेथे आमचा अधिकार सुरू झाला. अकोल्याच्या आमच्या सहकारी बाईंनी तीन आठवडे बसून अकराशे पानांचे अकराशे शब्द काढले. त्या रात्री तपासणी चाळीस मिनिटांत संपली. त्रेचाळीस पाने नापास.

नापास पानांची चित्रे काढून पाहिली. कबंध पाहिलेल्या पानाचे छायाचित्र देऊ शकतो. पहिल्या चित्रांत नुसते चौकोन होते: सर्व्हरवर देवनागरीचा एकही फाँट नव्हता, आणि अक्षराचा आकार न सापडला की त्या जागी जो रिकामा चौकोन येतो त्याला तिकडे टोफू म्हणतात. गूगलच्या नोटो फाँटचे नावही ‘नो टोफू’वरून आलेले. तो फाँट बसवला, पुन्हा चित्रे काढली, आणि सगळेच चकित झालो. वऱ्हाड, पऱ्हाटी, चऱ्हाट, गोऱ्हा, कुऱ्हाड, तऱ्हा. शब्द स्वच्छ दिसत होते. तीस सेकंद कबंध त्या शब्दाकडे टक लावून बसला होता आणि म्हणत होता, तो येथे नाही.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेलच. त्रेचाळीसही शब्दांत एकच अक्षर समान होते: ‘ऱ्ह’मधला तो आडवा र. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद ज्याच्यावर उभा आहे तो. युनिकोडच्या कागदपत्रांत त्याला पापणीच्या केसाची उपमा दिली आहे. तो लिहिण्याच्या दोन अधिकृत रीती आहेत. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडणे. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे जोडणारे एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्हींचे रूप एकच. यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. जावास्क्रिप्टमध्ये अशा पर्यायी रूपांना एकत्र आणणारी नॉर्मलाइझ नावाची सोय आहे, पण ती साधा र आणि सुटा नुक्ता यांचा टिंबवाला ऱ करून देते, अदृश्य चिन्हाच्या रीतीला हात लावत नाही. बाईंनी टंकलेले शब्द पहिल्या रीतीचे होते, आमची रूपांतरक स्क्रिप्ट दुसऱ्या रीतीने लिहीत होती. आणि या दोन्हींखेरीज एक तिसरी रीत आहे, जी २०००नंतरच्या दशकात मराठी जालावर वावरलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे: ‘व-हाड’, ‘दुस-या’, ‘शेतक-यांना’. तो र टंकता येईना म्हणून लोकांनी आडवी रेघ दिली आणि वाचकांच्या डोळ्यांनी ती र म्हणून वाचली. गुरुजींच्या सहा पानांवर ती होती.

ज्या प्रांताच्या बोलीचा संग्रह, त्या प्रांताचे नावच यंत्राला वाचता येऊ नये! आमच्या एका तरुण सहकाऱ्याला यात मोठा अन्याय दिसला. आम्हांला तो पाठचिकित्सेचा प्रश्न दिसला. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आमच्यापासून लांब नाही. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन, आणि त्या नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधले. अक्षरांच्या जागी दुसरीच अक्षरे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या प्रयत्नांनी तिचा उलगडा होईपर्यंत ते वाङ्मय बाहेरच्यांना बंद होते. जुन्या फाँटमधला आमचा चिवडा ही एक हेतू नसलेली सकळ लिपीच आहे. मात्र तेथे लिपी उलगडली की पाठ हाती येई, येथे उलगडल्यावरही एकाच शब्दाचे तीन पाठ उरत होते. ते सरसकट एकरूप करावेत का? बाईंचे म्हणणे, पहिल्या दोन रीतींत लेखकाचा काही हेतू नाही, ते यंत्राचे भेद आहेत. तुलना करताना खुशाल एक मानावेत. पण रेघेचा ‘व-हाड’ माणसाने टंकला आहे. तो बदलला तर उद्या कुणी विचारेल, आणखी काय काय बदलले?

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. विचारणारा ठरलेला होता. म्हणून आम्ही दोघे अकोल्याला जाऊन गुरुजींना भेटलो. त्यांच्या डोळ्यांवर नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. नातीने पाने उघडून वाचून दाखवली, वादातल्या म्हणींसह, त्याही न अडखळता. गुरुजी ऐकत होते. मग रेघेचा मुद्दा काढला.

“मले थो र सापडेच ना त्या मशिनीत,” ते म्हणाले, “म्हून रेघ मारली. माह्यी वही पाहा नं. वहीत बरोबर लिव्हलं हाये.”

वह्या काढल्या. सहापैकी चार ठिकाणी वहीत स्वच्छ ‘ऱ्ह’ होता, निळ्या शाईत, पापणीच्या केसासारखाच. ती चार पाने आम्ही वहीप्रमाणे केली आणि तसे तळटीपेत नोंदवले. उरलेल्या दोन ठिकाणी वहीत ना रेघ होती ना आडवा र. तेथे ‘वराड’ आणि ‘पराटी’ असे लिहिले होते. ऐकले तसे. टंकताना गुरुजींच्यातल्या शिक्षकाने ते प्रमाण करू पाहिले होते आणि यंत्राने त्याला रेघेवर आणून सोडले होते.

“हे कोणचं ठेवायचं मग?” नातीने विचारले.

“पराटी म्हनत जाय थे बाई,” गुरुजी म्हणाले, “दहीहांड्याची. पऱ्हाटी म्हननारी दुसरी.”

त्या दोन नोंदी आता वेगळ्या आहेत. तपासणीच्या आज्ञेत आडव्या र-च्या दोन्ही रीती एक मानल्या जातात. रेघ मानली जात नाही, आणि ‘पराटी’च्या पानावर ‘पऱ्हाटी’ सापडली तर पान नापास होते. वह्यांची छायाचित्रे पानाच्या तळाशी लावायचे काम चालू आहे. ती वाचक खाली सरकला तरच येतात, आणि कबंध आपण होऊन खाली सरकत नाही. तेवढी आज्ञा अजून लिहायची आहे.